पाठलाग आणि जामीन

कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ साली संमत झाला, पुढील वर्षी अमलात आला. पीडितेला राहत्या घरात राहण्याचा हक्क मिळाला. दंडाधिकाऱ्याचा संरक्षण आदेश मोडणाऱ्यास १ वर्षापर्यंत कैद वा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. अर्ज ६० दिवसांत निकालात काढण्याचा प्रयत्न व्हावा, असेही हा कायदा म्हणतो. ते दिवस किती लांबतात, हे न्यायालयाच्या पायऱ्या झिजविणारीलाच विचारावे!

तरी तिला मागण्यास काही आहे. परका पुरुष जिचा पाठलाग करतो, तिला ह्या कायद्याचे दार बंदच. कारण तेथे कौटुंबिक नाते लागते. तिने भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमाकडे जावे. पहिल्या अपराधास ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे खरी, पण तो जामीनपात्र आहे. सकाळी धरलेला इसम सायंकाळी त्याच बसथांब्यावर उभा राहू शकतो, आणि घरची वडीलधारी मंडळी मुलीलाच नोकरी सोडावयास सांगतात. हा शहाणपणा आम्हांस त्या इसमाच्या कृत्याइतकाच खटकतो. 'तिच्या वाटेस जाऊ नकोस' असा आदेश नवऱ्याला देता येतो, तर ह्या उपटसुंभाला का नाही? संरक्षण आदेशाची तरतूद संसदेने पाठलागासही लागू करावी, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.