छेदात कोण?

कन्सल्टिंग कंपन्यांच्या केस मुलाखतीत उमेदवारापुढे एखादा तक्ता ठेवला जातो आणि तिथेच अनेकांची गाडी घसरते; आकडेमोड येत नाही म्हणून नव्हे, तर शीर्षक आणि तळटीप न वाचताच ती सुरू होते म्हणून. सरावाला जालना जिल्ह्याचा 2011 च्या जनगणनेचा तक्ता घ्यावा. लोकसंख्या 19,59,046, साक्षरता सुमारे 71.5 टक्के. घाईत गुणाकार केला की 14 लाख साक्षर निघतात. साफ चूक! जनगणनेत साक्षरतेचा दर सात वर्षे आणि त्यावरील लोकांचाच काढतात; त्याहून लहान मुलं छेदात धरलेलीच नसतात, त्यामुळे खरा आकडा 14 लाखांच्या बराच खाली येतो. आता पुढचे रकाने पाहा: पुरुष सुमारे 81.5, स्त्रिया सुमारे 61. वीसहून अधिक अंकांची ही दरी एकूण टक्केवारीत दिसतच नाही, आणि मुलाखत घेणाऱ्याला ऐकायचं असतं ते नेमकं हेच. त्यावरही न थांबता चांगला उमेदवार तालुकावार, ग्रामीण-शहरी आणि वयोगटवार आकडे मागून घेतो, कारण तिशीतल्या निरक्षर शेतमजूर बाईसाठी आणि सत्तरीतल्या आजीसाठी साक्षरतेची योजना एकच आखता येत नाही.