आधी कान, मग जीभ

कोणी 'दर' एवढेच म्हटले, तर तुम्हांला काय आठवते? दरवाजा, दरबार की दरवेश? शब्द पुरा होण्याआधीच मेंदू असे ओळखीचे शब्द शोधू लागतो. 'दरवा' ऐकताच बाकीचे मागे पडतात आणि 'दरवाजा' उरतो. हे सारे क्षणार्धात घडते.

कार्ल व्हेर्निके या जर्मन डॉक्टरांनी १८७४ साली एक गोष्ट दाखवून दिली. मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका भागाला इजा झाली, तर माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्दांचा अर्थ कळत नाही. म्हणजे आवाज कान ऐकतो, शब्द मात्र मेंदू ओळखतो.

तुमच्या मेंदूत उर्दू आणि मराठी दोन बंद पेट्यांत ठेवलेल्या नाहीत. म्हणून 'हवा', 'जमीन', 'बाजार' हे मराठी शब्द तुम्हांला चटकन कळतात. म्हणूनच 'खाली बसा' ऐकताना 'रिकामे' हा उर्दूतला अर्थही मनात डोकावतो. उर्दूत 'ळ' नाही, म्हणून 'काल' आणि 'काळ' सुरुवातीला सारखेच वाटतात. यात लाजण्यासारखे काय आहे? जो शब्द वारंवार कानी पडतो, तो मेंदू लवकर ओळखतो.

म्हणून मला वाटते, नुसते शब्दार्थ पाठ करून भाषा येत नाही. बाजारात, बसमध्ये, आकाशवाणीवर मराठी लक्ष देऊन ऐका. मग चुकतमाकत बोला. कोणी हसले, तरी गप्प बसू नका. हसणारा घटकाभर हसेल. शिकलेला शब्द मात्र तुमच्याजवळ राहील.