कात्री कुणाच्या हातात?



माझ्या आजीला एका लग्नाच्या व्हिडिओवाल्यानं कापलं. तिथूनच सुरू करतो.

2023 चा उन्हाळा. बोदलकशाच्या आमच्या घरी आजी ओसरीत बाजेवर बसली होती. मी मोबाइल पाण्याच्या गुंडाला टेकवून ठेवला अन् म्हटलं, बोल. ती 48 मिनिटं बोलली. 1954 ची भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक. बाबासाहेब उभे होते अन् पडले. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता, तो झाला 1 मे 1999 ला, आमचा सगळा मुलूख भंडाऱ्यातच. आजी तेव्हा दहा-अकरा वर्षांची पोरगी. बापाच्या बैलबंडीत बसून सभेला गेलेली. म्हणाली, "आपला मानूस पडला बापू, तं टोलीत त्या रातच्याला कोनाच्याच घरी चूल नाई पेटली." मग दुसऱ्या दिवशी विहिरीवर कोण काय बोललं, कोण हसलं, कोणी दोर ओढून घेतला, ते तिनं नावानिशी सांगितलं. मोजून, बोटं मोडत.

मला एडिटिंग येत नव्हतं. यंत्र नव्हतं. तालुक्याच्या गावी लग्नाचे व्हिडिओ करणारा एक जण होता, त्याला कार्ड दिलं, वर 3000 रुपये. त्यानं परत काय दिलं? 3 मिनिटं 20 सेकंद. मागं बासरी. आजी हसते, तलाव दिसतो, आजी पदर सावरते, संपलं. विहीर गेली. नावं गेली. दोर गेला. विचारलं तर म्हणाला, "वाद झाला असता ना भाऊ. तुमचंच भलं पाहिलं." मूळ चित्रण मागितलं तर लग्नसराईसाठी त्यानं हार्डडिस्क साफ केली होती. माझ्या मोबाइलमधलं मी जागा नाही म्हणून आधीच पुसलेलं. त्या पावसाळ्यात आजी गेली.

तो माणूस वाईट नव्हता. यंत्र त्याचं, वेळ त्याचा, भीतीही त्याचीच. म्हणून कात्रीही त्याची.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, अन् ते मी कुणाच्याही तोंडावर सांगतो. खिशात कॅमेरा आला म्हणजे आपल्याला तोंड फुटलं, या भ्रमात राहू नका. शेवटचा शब्द कापणाऱ्याचा असतो. ज्या वस्तीत कापायचं स्वतःचं यंत्र नाही, ती वस्ती अजून दुसऱ्याच्याच तोंडानं बोलते.

हे काय नवीन आहे? 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघालं तेव्हा 'केसरी'नं त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. पुढं बाबासाहेबांनी स्वतःचा भारतभूषण छापखाना उभा केला तो हौस म्हणून नाही. आज छापखान्याच्या जागी टेबलावरचा एक डबा आहे. फरक एवढाच, की तो डबा नऊ पोरं वर्गणी काढून घेऊ शकतात. आम्ही घेतला.

तुम्ही शहरातले. मुंबई, पुणे, नागपूरवाले. तुम्ही लगेच म्हणाल, "अरे, मोबाइलवरच होतं की सगळं." होतं ना. रील होते. वाढदिवस होतो. पण पाच म्हाताऱ्यांच्या पाच मुलाखती, प्रत्येकी तासाभराच्या, त्यातून वीस मिनिटं काढायची अन् कोण कुठल्या वर्षाबद्दल बोलतंय ते जुळवायचं, हे बोटभर पडद्यावर करून पाहा. शिवाय मोबाइल एकाचा असतो. तो कामाला पुण्याला गेला की सिनेमाही पुण्याला गेला. अन् ॲपचा भरवसा काय? 29 जून 2020 ला टिकटॉकसह 59 ॲप बंद झाली. सरकारनं का केली तो वेगळा वाद. पण खेड्यापाड्यातल्या पोरापोरींचं दोन-दोन वर्षांचं काम त्यात अडकलं, कारण ते दुसऱ्याच्या दुकानात ठेवलेलं होतं.

आता यंत्राकडं येऊ. यात गूढ काही नाही. गूढ आहे असं दाखवणारा तुम्हाला काहीतरी विकत असतो.

साधं गणित करा. नेहमीच्या फुल एचडी चित्रात 1920 गुणिले 1080, म्हणजे 20 लाख 73 हजार 600 ठिपके. सेकंदाला अशी 30 चित्रं. ती तशीच्या तशी साठवली तर सेकंदाला 186 एमबी होतील. म्हणून मोबाइल चलाखी करतो. अधूनमधून एक चित्र पूर्ण लिहितो, मधल्यांत फक्त काय बदललं ते नोंदवतो. जागा वाचते, पण तुम्ही मधलाच एक क्षण मागितला की कॉम्प्युटरला मागच्या पूर्ण चित्रापासून हिशोब करत यावं लागतं. जुनं यंत्र एडिटिंगला दम टाकतं ते इथं. तेव्हा पैसे कुठं घालायचे? हा हिशोब जिथं होतो तिथं. बाकी सगळं शोभेचं.

2024 च्या तेंदूच्या हंगामानंतर आम्ही नऊ जणांनी, त्यात चार पोरी, प्रत्येकी 2900 रुपये काढले. 26,100 झाले. नागपूरला गेलो. नवीन कोरं घ्यायचं नाही असं ठरवूनच गेलो. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले डेस्कटॉप दुरुस्त करून विकतात, त्यातला एक उभा टॉवर घेतला. इंटेल आय फाइव्ह, आठवी पिढी. आठवीच का? सातव्या पिढीपर्यंत डेस्कटॉपच्या आय फाइव्हला चार कोर होते, आठवीला सहा झाले. अन् या प्रोसेसरच्या पोटातच व्हिडिओ उलगडायचं वेगळं यंत्र आहे, इंटेल त्याला क्विक सिंक म्हणतं. वेगळं ग्राफिक कार्ड घ्यायची गरजच नाही. फक्त एक पाहा, प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर हात लावू नका. त्यात पोटातलं ग्राफिक नसतं.

टॉवर 13,500 ला, 8 जीबी रॅम अन् 256 जीबी एसएसडीसह. रॅमची आणखी एक 8 जीबीची पट्टी, 1400. एकच मोठी पट्टी नको, दोन सारख्या पट्ट्या हव्यात. पोटातलं ग्राफिक रॅममधूनच उसनं घेतं, दोन पट्ट्या असल्या की दोन रस्त्यांनी घेतं. नवी 1 टीबी हार्डडिस्क 4000. जुना 22 इंची मॉनिटर 3500. यूपीएस 3000. कीबोर्ड, माउस 700. संपले पैसे. हिशोब वहीत लिहिलेला आहे, कुणीही येऊन पाहावा.

आज हाच हिशोब तसाच बसणार नाही. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी चिपा ओढून नेल्या अन् झळ आमच्यासारख्यांना. म्हणून विकणाऱ्याला आधीच सांगा, यंत्रातच 16 जीबी पाहिजे. दुसरीकडून फायदाही आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार मायक्रोसॉफ्टनं काढून घेतला, आणि विंडोज 11 सहसा आठव्या पिढीच्या खालच्या इंटेलला घेत नाही. ऑफिसं ती यंत्रं भंगारात काढतात. त्यावर लिनक्स मिंट टाकलं की ती चालतात. वेगानं धावत नाहीत, पण चालतात.

घासाघीस कशात करायची नाही ते सांगतो. वीज. तिरोड्याला औष्णिक केंद्रात 660 मेगावॅटचे पाच संच आहेत, 3300 मेगावॅट. तिथून आमचा तलाव फार लांब नाही. तरी सांजच्याला बल्ब मिचमिचतो, पाऊस आला की वीज जाते. फाइल लिहिली जात असताना वीज गेली तर फाइल मोडते, डिस्कही मरू शकते. म्हणून यूपीएस आधी, मॉनिटर नंतर. आमचा प्रोसेसर 65 वॅटचा आहे. सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ छोटा यूपीएसही देतो. अन् ऑफिसचे पुस्तकाएवढे चपटे डबे स्वस्त दिसतात, पण त्यांचा पॉवर सप्लाय वेगळ्याच मापाचा असतो. जळला तर जोडीदार सापडत नाही. दुसरी डिस्क बसवायलाही आत जागा नसते.

रंगीत दिवे लागलेला डबा घेऊ नका. त्या दिव्यांनी एकही फ्रेम लवकर निघत नाही.

सॉफ्टवेअर? केडेनलाइव्ह किंवा शॉटकट. दोन्ही फुकट, दोन्ही उघड्या स्रोताची, दोन्ही लिनक्सवर चालतात. चोरीचं महागडं सॉफ्टवेअर टाकून पेनड्राइव्हमधून व्हायरस आणणाऱ्याला आमच्या खोलीत जागा नाही. केडेनलाइव्हमध्ये 'प्रॉक्सी' म्हणून एक सोय आहे. मूळ फाइलची हलकी नक्कल करून त्यावर काम करायचं, शेवटी बाहेर काढताना यंत्र आपोआप मूळ फाइल वापरतं. गरीब यंत्राला यानं पंख फुटतात. दुसरं, मोबाइल सेकंदाला कधी 30 तर कधी 27 चित्रं घेतो. एडिटिंगमध्ये मग ओठ पुढं अन् आवाज मागं. हँडब्रेक नावाच्या फुकटच्या प्रोग्राममधून फाइल आधी ठरावीक वेगाची करून घ्या. आम्हाला हे कळायला दोन महिने गेले. तुम्हाला दोन ओळीत दिलं.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. मोबाइल सेकंदाला 17 मेगाबिट लिहीत असेल तर तासाला साडेसात जीबी होतात. 1 टीबीच्या डिस्कमध्ये शंभराहून जास्त तास मावतात. शंभर तास! आमच्या आसपासच्या टोल्यांमधल्या सगळ्या म्हाताऱ्या बाया मनसोक्त बोलल्या तरी जागा उरेल. मग पुसायचं काहून? आनंद पटवर्धनांनी 1997 च्या रमाबाईनगर गोळीबारानंतर चित्रण सुरू केलं अन् 'जय भीम कॉम्रेड' पुरा झाला 2011 मध्ये. चौदा वर्षांचं चित्रण कुणीतरी जपलं म्हणून तो सिनेमा झाला. आमचा नियम भिंतीवर लिहिलाय: मूळ फाइल पुसायची नाही, अन् एकाच घरात ठेवायची नाही. दोन डिस्क, दोन घरं. दुसऱ्या डिस्कची वर्गणी धानाच्या पैशातून निघाली.

कुणी म्हणेल, यंत्र घेऊन कला येते का? नाही येत. मालेगावचा नासिर शेख व्हीसीआरवर काटछाट करत शिकला अन् 2000 मध्ये त्यानं 'मालेगाव के शोले' केला. पण शिकायला व्हीसीआर तरी हाताशी लागतो ना. आमच्यात सगळ्यात साफ कापणारी पोरगी बारावीची आहे. ती शिकली कारण रात्री अकरा वाजता तिला कुणाची परवानगी मागावी लागली नाही. खोलीची किल्ली तिच्याकडं असते.

भीती आमच्यातही आहे, खोटं कशाला बोलू. मागच्या महिन्यात एका काकांच्या मुलाखतीत तसंच एक नाव आलं. ठेवायचं की काढायचं, यावर तीन रात्री भांडलो. काकांना विचारलं. ते म्हणाले, "नाव राहू दे, मी अजून जित्ता आहे." ठेवलं. उद्या कुणी काढा म्हणालं असतं तर काढलंही असतं. पण ते आम्ही, बोलणाऱ्याला विचारून काढलं असतं. भलं पाहणारा तिसरा मधे नसता.

तुम्ही शहरातले हिवाळ्यात बोदलकशाला येता. 1917 चा तलाव पाहता, पक्ष्यांचे फोटो काढता, जाता. या, खुशाल या. पण तुमच्या ऑफिसातून एखादा आठव्या पिढीचा टॉवर भंगारात निघत असेल तर तो आधी आठवा. शेजारच्या गावातली सात पोरं वर्गणी काढून थांबलीत, रॅमच्या भावानं त्यांना अडवलंय. अन् येताना एक रिकामी डिस्कही आणा. आमची पहिली भरत आली.

आजीची 48 मिनिटं परत येत नाहीत. तिची चुलत बहीण अजून आहे, एक टोली पलीकडं. ऐकू कमी येतं, पण विहिरीचं सगळं आठवते म्हणते. रविवारी जातोय.