ऊसतोडणी यंत्राचं पातं: पोलाद जितकं कठीण तितकं चांगलं?

जुन्नरचा विघ्नहर आणि आंबेगावचा भीमाशंकर, या दोन्ही सहकारी साखर कारखान्यांच्या पट्ट्यात कोयता अजून सुटलेला नाही. पण तोडणीला टोळ्या मिळणं अवघड होत चाललंय आणि यंत्रं वाढतायत. राज्य सरकारनं २०२३ मध्ये ऊसतोडणी यंत्रासाठी किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यातली कमी असेल ती रक्कम अनुदान म्हणून जाहीर केली. चर्चा होते ती या लाखांची. खोडवा कसा येणार, हे मात्र यंत्राच्या तळाशी फिरणाऱ्या छोट्या पात्यांवरही अवलंबून असतं.

पातं बोथट झालं की ऊस कापला जाण्याऐवजी चिरडला जातो, ओढला जातो. बुडखा फाटतो, मुळं हलतात आणि पुढचे फुटवे कमी येतात.

मग सर्वांत कठीण पोलाद का वापरत नाहीत?

कारण कठीणपणा आणि चिवटपणा सहसा एकत्र नांदत नाहीत. पोलादाला धार धरायला लावतो तो कार्बन. बांधकामाच्या सळईत तो साधारण ०.२ टक्के असतो, त्यामुळे तिचा कोयता केला तरी धार टिकत नाही. दुसरं टोक म्हणजे प्रेसच्या साच्यांसाठीचं डी-२ पोलाद. त्यात कार्बन सुमारे १.५ टक्के आणि क्रोमियम १२ टक्के. दोन्ही मिळून अतिशय कठीण कण तयार होतात, म्हणून ते झिजत नाही. पण शेतात दगड लागला की त्याची कपची उडते.

लोहारांनी यावरचा उपाय केव्हाच शोधलाय: ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा. अशा पाट्यात अनेकदा ०.५ ते ०.६ टक्के कार्बन, दीड ते दोन टक्के सिलिकॉन आणि एक टक्क्याच्या आत मँगनीज असतं. सिलिकॉनमुळे पोलाद वाकून परत सरळ होतं, मँगनीजमुळे कठीणपणा आतपर्यंत पोहोचतो. छिन्नी-पंचसाठी वापरलं जाणारं एस-५ हे हत्यारी पोलाद जवळपास याच घडणीचं, फक्त त्यात थोडं मॉलिब्डेनम जास्त. भंगारातला पाटा वापरण्यात कंजुषी असेलही, पण निवड पक्की आहे! अडचण एवढीच की काही पाटे क्रोमियम-व्हॅनेडियमचे असतात आणि दिसायला सगळे सारखेच. हे पोलाद मुळात तेलात विझवायचं. लालभडक पातं थेट गार पाण्यात बुडवलं तर तडा जाऊ शकतो.

यंत्राच्या पात्यांत अनेकदा बोरॉन असतं. किती? ०.००३ टक्के, म्हणजे टनामागे ३० ग्रॅम. एवढ्याशा बोरॉनमुळे पातं गाभ्यापर्यंत कठीण होतं आणि महागडं निकेल किंवा मॉलिब्डेनम वाचतं. मात्र किती कठीण होणार हे कार्बनच ठरवतो. शिवाय तापवणं, विझवणं आणि पुन्हा हलकं तापवणं यात चूक झाली, तर बोरॉन असूनही पातं मऊ पडतं किंवा काचेसारखं फुटतं.

नवी कानस घासून अंदाज येतो: घसरली तर पातं कठीण, खात असेल तर मऊ. चिवटपणा मात्र कानशीनं कळत नाही.

तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या उसाच्या बिलातूनच वजा होतो. त्यामुळे यंत्र बांधावर आलं की पाती केव्हा बदलली, हे त्यानं विचारायलाच हवं. पहिल्या दोन सऱ्या तुटल्यावर बुडखे वाकून पाहावेत. काप सपाट नसेल, चोथा निघालेला असेल, तर पाती तिथंच बदलून घ्यावीत.