बंदूक कुणाची, भीती कुणाची?

आपल्या अभ्यासवर्गाच्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एक फोटो लावलाय. वेताच्या मोठ्या खुर्चीत बसलेला काळा तरुण, डोक्यावर तिरकी टोपी, एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात भाला. ह्यूई न्यूटन. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचा. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर काढली तेव्हा नाव याच्याच पार्टीवरून घेतलं, हे खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मागच्या रविवारी एक पोरगं त्या फोटोकडं बोट दाखवून म्हणालं, "यांच्याकडं बंदूक होती म्हणून जग घाबरलं. आपल्याकडं काय हाय? निवेदन!" सगळे हसले. मीही हसलो. मग कोपऱ्यातले एक गुरुजी उठले. म्हणाले, "बाळांनो, हा आपला मार्ग नव्हे. शांतता राखा." तेव्हा कुणी हसलं नाही.

मी रात्रपाळी करून आलो होतो. कानात अजून साचे खडखडत होते. तिथं गप्प बसलो. इथं बोलतो, कारण मला दोघांशीही भांडायचंय.

पोरा, तुझं अर्धंच बरोबर आहे, आणि त्या अर्ध्यातच तू मरशील. गुरुजी, तुमची शांतता नेहमी मार खाणाऱ्यानंच राखायची असते. मारणाऱ्याकडं जाऊन तुम्ही ती कधी मागितलीत?

माझं म्हणणं एवढंच. बंदूक हा पहिला सवाल नाही. माणूस जिवाच्या भीतीनं हात उचलतो तेव्हा कायदा कुणाची भीती खरी मानतो आणि कुणाच्या भीतीला गुन्हा म्हणतो, हा पहिला सवाल आहे. अमेरिकेचा कायदा घ्या की आपला, स्वसंरक्षणाची किल्ली एकच. त्या क्षणी त्याला जिवाची वाजवी भीती वाटत होती का? 'वाजवी' हा शब्द दिसायला गरीब आहे, पण त्याच्या पोटात अख्खी वर्णव्यवस्था मावते. वाजवी काय ते ठरवणार फौजदार, सरकारी वकील, ज्यूरी. ते कुठल्या वस्तीत राहतात, ते बघा.

आता फोटोकडं या. त्या फोटोत एक वस्तू दिसत नाही. कायद्याचं पुस्तक. ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यूटन आणि बॉबी सील यांनी कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात पार्टी काढली. पूर्ण नावातच 'स्वसंरक्षणासाठी' असे शब्द होते. त्या राज्यात तेव्हा भरलेली बंदूक उघडपणे घेऊन रस्त्यानं जायला बंदी नव्हती. लपवायची नाही, कुणावर रोखायची नाही, बस्स. न्यूटननं हे वाचून काढलं. मग पँथर पोलिसांच्या गाडीमागं गस्त घालू लागले. पोलिसांनी काळ्या माणसाला अडवलं की हे थोड्या अंतरावर उभं राहून मोठ्यानं कलमं वाचायचे. तुला हे विचारता येत नाही, त्याचा हक्क हा आहे. खांद्याला बंदूक, तोंडात कलम. पोलिसाला जास्त काय झोंबलं असेल?

मग डॉन मलफर्ड नावाच्या आमदारानं बिल आणलं. भरलेली बंदूक घेऊन सार्वजनिक जागी फिरायला बंदी. २ मे १९६७ ला तीसेक पँथर, त्यात बायाही, बंदुका घेऊन सॅक्रमेंटोच्या विधानभवनात गेले आणि बॉबी सीलनं निवेदन वाचलं. होय पोरा, निवेदनच! बंदूक हातात असूनही निवेदनच वाचावं लागलं. बिल पास झालं. जुलैमध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगननं सही ठोकली. आणि बंदुकीच्या हक्कासाठी आज गळा काढणाऱ्या नॅशनल रायफल असोसिएशननं त्या बिलाला पाठिंबा दिला होता.

पुन्हा वाचा. पँथरांनी कायदा मोडला म्हणून बंदी आली नाही. त्यांनी कायदा पाळला म्हणून कायदाच बदलला.

हे नवल १९६७ चं नाही. १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशानं काळ्यांना नागरिक का मानता येत नाही याची कारणं दिली. त्यात हेही लिहिलं, की नागरिक मानलं तर त्यांना कुठंही हत्यार घेऊन जायचा हक्क द्यावा लागेल. गुलामी उठली तसं १८६५ मध्ये मिसिसिपी राज्यानं ठरवलं, सुटलेल्या गुलामानं परवान्याशिवाय बंदूक ठेवायची नाही. १८७३ मध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या टोळीनं काळ्यांची कत्तल केली. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोषी ठरलेल्यांना सोडलं, आणि सांगितलं की घटनेतलं हत्याराचं कलम फक्त केंद्र सरकारला बांधतं. हक्क पुस्तकात राहिला. झोपडीत आलाच नाही.

आता डेट्रॉइटची गोष्ट. आपल्या भिंतीवर हिचा फोटो नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

ऑसियन स्वीट हा काळा डॉक्टर. १९२५ मध्ये त्यानं गोऱ्यांच्या वस्तीत घर विकत घेतलं. अशी घरं घेणाऱ्या काळ्यांना त्याच वर्षी त्या शहरात जमावानं हुसकून लावलं होतं. काय होणार ते डॉक्टरला माहीत होतं. त्यानं भाऊ आणि दोस्त बोलावले, बंदुका जमवल्या. ९ सप्टेंबरच्या रात्री घरापुढं जमाव लोटला. पोलीस उभे होते, बघत. दगड सुरू झाले, काचा फुटल्या. घरातून गोळ्या सुटल्या. रस्त्यावरचा एक गोरा मेला, एक जखमी झाला. घरातल्या अकराही जणांना खुनाच्या आरोपाखाली आत टाकलं. डॉक्टरची बायको ग्लॅडिस त्यात होती.

एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेनं खटला अंगावर घेतला. वर्गणी गोळा केली. क्लॅरेन्स डॅरो हा त्या काळातला गाजलेला वकील उभा केला. पोलीस साक्षीत म्हणाले, जमाव नव्हताच, थोडी माणसं होती. ओळखीचं वाटतंय ना? मग डॅरोनं डॉक्टरलाच पिंजऱ्यात उभं केलं आणि विचारलं, त्या रात्री मनात काय होतं? डॉक्टरनं फक्त ती रात्र सांगितली नाही. लहानपणापासून ऐकलेली-पाहिलेली जाळपोळ सांगितली, शहराशहरांतल्या दंगली सांगितल्या. दार उघडलं तेव्हा आपल्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्या पाठलाग करणारा तोच जमाव समोर दिसला, असं त्याचं म्हणणं. सरकारी वकिलानं हरकत घेतली. न्यायमूर्ती फ्रँक मर्फींनी ती साक्ष येऊ दिली.

पहिल्या ज्यूरीचं एकमत झालं नाही. १९२६ मध्ये डॉक्टरचा धाकटा भाऊ हेन्री याच्यावर वेगळा खटला चालला. गोळी झाडल्याचं त्यानं पोलिसांपुढं कबूल केलं होतं. ज्यूरीतले बाराच्या बारा गोरे. निकाल आला, निर्दोष. पुढं १९२७ मध्ये बाकीच्यांवरचे आरोपही काढून घेतले.

पोरा, इथं थांब आणि हिशेब कर. बंदुकीनं त्या घराला एक रात्र काढून दिली. जन्मठेपेतून सोडवलं ते वर्गणीनं, वकिलानं आणि साक्षीला उभ्या केलेल्या इतिहासानं. काळ्या माणसाची भीती वाजवी होती, हे बारा गोऱ्यांकडून वदवून घेतलं. आणि एवढं जिंकूनही काय राहिलं? थोड्याच वर्षांत डॉक्टरची लेक आणि बायको क्षयानं गेल्या. १९६० मध्ये त्यानं स्वतःवरच गोळी झाडली. बंदुकीच्या गोष्टीतला हा भाग पोस्टरवर छापत नाहीत.

माझ्या जिवाजवळची माणसं मात्र बोगालूसाची. लुइझियानातलं कागदाच्या गिरणीचं गाव. १९६४ मध्ये त्याच राज्यात जोन्सबरोला 'डीकन्स फॉर डिफेन्स' नावाची संघटना निघाली, १९६५ मध्ये ती बोगालूसात आली. गिरणीत राबणारी माणसं त्यात होती, लष्करात राहून आलेलीही होती. दिवसा पाळी, रात्री पहारा. समान हक्कासाठी गावात आलेल्या कार्यकर्त्यांच्या मुक्कामाभोवती बंदुका घेऊन जागायचे. क्लानवाले आले तर उत्तर द्यायचे. पण नुसतं जागत बसले नाहीत. त्यांच्यातल्या रॉबर्ट हिक्स या गिरणी कामगारानं त्याच वर्षी पोलिसांवर दावा लावला. फेडरल न्यायाधीशानं मोर्चेकऱ्यांना संरक्षण देण्याचा हुकूम पोलिसांना केला. रात्री बंदूक आणि दिवसा दावा. या दोन्हींना जोडणारी गोष्ट म्हणजे संघटना. ती नसती तर बंदूक चोरीला गेली असती आणि दावा फाइलीत कुजला असता.

गुरुजी, आता तुमच्याकडं वळतो. तुम्ही मार्टिन ल्यूथर किंगचं नाव घ्याल. घ्या. १९५६ मध्ये मंटगमरीत त्यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्यानंतर त्यांनी पिस्तुलाचा परवाना मागितला होता. मिळाला नाही. अहिंसेच्या एवढ्या मोठ्या माणसालाही बायको-मुलांची काळजी होती आणि सरकारनं ती काळजी वाजवी मानली नाही. अहिंसा त्यांनी स्वतः निवडली. दुसऱ्यानं ती गळ्यात बांधली की तिचं मडकं होतं. गळ्यातलं मडकं काय असतं, ते आपल्या आज्याला विचारा.

आणि पोरा, तू फ्रेड हॅम्पटन विसरू नकोस. शिकागोचा पँथर, वय २१. पोरांना सकाळी फुकट न्याहारी द्यायचा, टोळ्या एकत्र आणायचा. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलीस घरात घुसले आणि तो अंथरुणातच मेला. घरात बंदुका होत्या. पोलिसांनी नव्वदच्या वर गोळ्या झाडल्या, पँथरांकडून सुटली ती एक. सरकारशी गोळ्यांचा हिशेब करायला बसलास तर असा हिशेब येतो.

आज तरी काय बदललं? २००५ मध्ये फ्लोरिडानं कायदा केला. भीती वाटली तर मागं हटायची गरज नाही, जागेवर उभं राहून मारता येतं. मग बऱ्याच राज्यांनी तसे कायदे केले. २०१२ मध्ये त्याच फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन हा १७ वर्षांचा निःशस्त्र पोरगा दुकानातून परतताना वस्तीच्या पहारेकऱ्याच्या गोळीनं मेला. २०१३ मध्ये पहारेकरी सुटला. त्याची भीती वाजवी ठरली. २०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टीलची गाडी पोलिसानं अडवली. परवान्याची बंदूक जवळ आहे, हे त्यानं स्वतःहून सांगितलं. पोलिसानं गोळ्या घातल्या. २०१७ मध्ये पोलीस सुटला. २०२० मध्ये लुइव्हिलला मध्यरात्री पोलिसांनी ब्रिओना टेलरचं दार फोडलं. चोर समजून तिच्या मित्रानं परवान्याच्या बंदुकीतून एक गोळी झाडली. पोलिसांच्या गोळ्यांनी ब्रिओना मेली आणि खुनाच्या प्रयत्नाचा आरोप त्या मित्रावर! देशभर माणसं ओरडली तेव्हा तो आरोप मागं घेतला.

तिथल्या काळ्या वस्त्यांतले कार्यकर्तेही एकमताचे नाहीत. २०२२ च्या न्यूयॉर्क परवाना खटल्यात गरिबांचे वकील सर्वोच्च न्यायालयाला सांगत होते की परवान्याच्या कायद्याखाली तुरुंगात जातात ती आमचीच काळी-सावळी पोरं. दुसरीकडं मेलेल्या पोरांच्या आया बंदुका कमी करा म्हणून रस्त्यावर आहेत. काळ्या तरुणांच्या मरणाचं पहिलं कारण तिथं खून आहे आणि बहुतेक खून बंदुकीनं होतात. दोघंही खरं बोलतात. म्हणूनच बंदुकीच्या दुकानात याचं उत्तर नाही.

आता आपलं. तू चोरून कट्टा घेशील, मोबाइलवर फोटो टाकशील आणि शस्त्र कायद्याची तयार केस फौजदाराच्या हातात देशील. त्यापेक्षा वाच. न्यूटनसारखं वाच. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची. आधी दंड संहितेत हीच ९६ ते १०६ होती. स्वतःचा जीव आणि दुसऱ्याचाही जीव वाचवायचा हक्क त्यात लिहिलाय. खून, बलात्कार, अपहरण अंगावर आलं तर कुठवर जाता येतं ते लिहिलंय. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, सरकारी मदतीला वेळ असेल तर हक्क नाही, हेही लिहिलंय. दोन्ही बाजू पाठ कर.

अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला तिसरा नियम काढ. अत्याचार होऊ शकतो अशा भागात सवर्णांचे शस्त्र परवाने रद्द करा, बेकायदा हत्यारं जप्त करा आणि गरज वाटली तर दलित-आदिवासींना परवाने द्या, असं तो नियम सांगतो. आपल्या जिल्ह्यात असे किती परवाने रद्द झाले? किती दिले? माहितीच्या अधिकारात विचार. उत्तर आलं तर छापू. नाही आलं तर तेही छापू.

वकिलांची यादी कर. वर्गणीचा डबा ठेव. मारहाण झाली की त्याच रात्री दवाखान्याचा कागद, साक्षीदारांची नावं, तक्रारीची प्रत. आपली भीती वाजवी होती, हे दाखवायला हाच दारूगोळा लागतो.

राहिलं निवेदन. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या ड्यू बॉइसना पत्र लिहिलं. त्यांनी मागितलं काय? काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांपुढं मांडलेल्या निवेदनाची प्रत. पुढच्या रविवारी हसण्याआधी एवढं आठव.

तो फोटो काढू नका. फक्त न्यूटनच्या शेजारी एक कायद्याचं पुस्तक ठेवा.

जयभीम.