‘फायरफ्लाय’चे उत्तरायुष्य

दिल्लीच्या रिज नावाच्या टेकडीवर हिंदूराव म्हणून ओळखला जाणारा भाग आहे. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव, म्हणजेच बायजाबाई शिंदे यांचे बंधू, यांचा वाडा तेथे होता. १८५७ च्या वेढ्यात या वाड्याच्या परिसरात निकराची लढाई झाली, आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्याचे नाव येते ते याच कारणाने. पुढे तेथे रुग्णालय उभे राहिले. लढाई काही महिन्यांची, शुश्रूषा पिढ्यान्‌पिढ्यांची. तरीही पुस्तकांत मान मिळतो तो लढाईलाच. यंत्रांच्या इतिहासातही असाच अन्याय होत असतो, असे माझे मत आहे. ‘फेअरी फायरफ्लाय’ हे ब्रिटिश विमान त्याचे बोलके उदाहरण होय.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिश नौदलापुढे एक मोठी अडचण होती. जमिनीवरून जाणाऱ्या वैमानिकास नद्या, रस्ते व गावे वाट दाखवितात. समुद्रावर अशी एकही खूण नसते. शिवाय परत यावयाचे ते एका चालत्या जहाजावर. म्हणून नौदलाने आपल्या लढाऊ विमानातही वैमानिकामागे दिशादर्शकाचे आसन असावे, असा आग्रह धरला. दोन माणसे, त्यांची उपकरणे आणि २० मिलिमीटरच्या चार तोफा एवढा भार वाहणारे विमान एका आसनाच्या विमानाइतके वेगवान होणे शक्य नव्हते. फेअरी कंपनीने ही तडजोड समजून-उमजून पत्करली. रोल्स-रॉइसचे बारा सिलिंडरांचे, दट्ट्यांवर चालणारे ‘ग्रिफन’ एंजिन तिने निवडले. मंद गतीतही विमान ताब्यात राहावे म्हणून पंखांच्या मागील कडेस बाहेर सरकणाऱ्या झडपा बसविल्या. सुमारे साडेतेरा मीटर विस्ताराचे पंख मागे दुमडले की विमानाची रुंदी चार मीटरांच्या आसपास येई. २२ डिसेंबर १९४१ रोजी या विमानाने पहिले उड्डाण केले.

याच काळात ‘स्पिटफायर’ या जमिनीवरील विमानाला नौदलाचा वेष चढवून ‘सीफायर’ तयार करण्यात आले. ते आकाशात चपळ होते. परंतु त्याची चाके एकमेकांच्या फार जवळ होती आणि बांधणी नाजूक होती. १९४३ च्या सप्टेंबरात इटलीतील सालेर्नो येथे शत्रूपेक्षा जहाजावर उतरतानाच्या अपघातांतच अधिक सीफायर निकामी झाली. यंत्राची योग्यता ते कोठे आणि कशासाठी वापरावयाचे यावर ठरते, हा धडा यातून घ्यावयाचा.

फायरफ्लायने १९४४ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यावर, १९४५ मध्ये सुमात्रातील तेलशुद्धीकरण केंद्रांवर आणि पुढे कोरियाच्या युद्धात कामगिरी बजावली. या विमानाची कथा सामान्यतः येथेच संपविली जाते. आपल्या दृष्टीने मात्र ती येथे सुरू होते.

११ मे १९५३ रोजी कोचीन येथे ‘गरुड’ हा भारतीय नौदलाचा विमानतळ कार्यान्वित झाला. १९५५ मध्ये तेथे फायरफ्लाय आली, ती लढण्यासाठी नव्हे, तर लक्ष्य ओढण्यासाठी. विमानामागे लांब तारेच्या दोराने कापडी लक्ष्य सोडावयाचे आणि युद्धनौकांवरील तोफचींनी त्याच्यावर नेम धरावयाचा, असे हे काम. तासाला ४०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान एका सेकंदात सुमारे १११ मीटर पुढे सरकते. गोळ्याला तीन सेकंद लागणार असतील, तर विमानाच्या पुढे सुमारे ३३३ मीटरांवर नेम धरला पाहिजे. हे गणित फळ्यावर सुटते; हाताच्या वळणी पडावयास मात्र आकाशात काहीतरी खरोखर उडत असावे लागते. दिशादर्शकासाठी ठेवलेली मागची जागा या कामी उपयोगी पडली, कारण दोर सोडण्या-गुंडाळण्याच्या रहाटाकडे लक्ष देणारा दुसरा माणूस तेथे बसू शकत होता.

कोणी म्हणेल, ‘परक्यांनी टाकून दिलेले यंत्र आपण घेतले, यात सांगण्यासारखे ते काय?’ ही भावना मला समजते. पण ती मला मान्य नाही. शिकाऊ हाताला जुने अवजार मिळाले म्हणून शिक्षण हलके ठरत नाही. जुन्या यंत्रावरच थांबणे ही लाजेची गोष्ट होय, आणि आपण तेथे थांबलो नाही. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिची विमाने पूर्व किनाऱ्यावर लढली. त्याच नावाची दुसरी नौका तर कोचीनमध्येच बांधली गेली आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी सेवेत आली. जेथे एके काळी परदेशी विमान कापडी लक्ष्य ओढीत होते, त्याच शहरात ही नौका घडली.

गोव्यात बोगमाळो येथील नौदलाच्या विमानसंग्रहालयात एक फायरफ्लाय जतन केलेले आहे. शाळांच्या सहली तेथे जातात तेव्हा मुले साहजिकच ‘सी हॉक’ आणि ‘सी हॅरियर’ या जेट विमानांभोवती गर्दी करतात. शिक्षकांनी त्यांना क्षणभर या जुन्या विमानापाशी थांबवावे आणि ‘याने किती विमाने पाडली?’ याऐवजी ‘याच्यामुळे किती माणसे शिकली?’ असे विचारावयास शिकवावे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देता येणार नाही. परंतु ज्या विद्यार्थ्याला तो प्रश्न सुचेल, त्याला विज्ञानाचा इतिहास कसा वाचावा हे कळू लागले, असे समजावे.

फायरफ्लाय म्हणजे काजवा. काजव्याच्या उजेडात रान उजळत नाही, हे खरे. पण अंधारात कोणी तरी आहे एवढे तो सांगतो. आपल्या नौदलाच्या विमानविद्येच्या पहाटेपूर्वी एवढा उजेड पुरेसा होता.