वेठीस कोणी कोणाला धरले?

संप झाला की वृत्तपत्रांत एक ठरलेले वाक्य उमटते : कामगारांनी जनतेला वेठीस धरले. २०२१ मध्ये एसटी कर्मचारी संपावर गेले तेव्हाही हेच ऐकू आले. या शब्दाची कुळकथा पाहिली म्हणजे त्यातील उफराटेपणा ध्यानी येतो.

‘वेठ’ हा संस्कृत ‘विष्टि’चा वंशज. विष्टि म्हणजे राजसत्तेने सक्तीने करवून घेतलेले श्रम. सुदर्शन तलावाचा बांध आपण प्रजेकडून विष्टि न घेता बांधला, असे रुद्रदामनाने इ. स. १५० च्या सुमारास जुनागढच्या शिलालेखात अभिमानाने नोंदविले. न घेणे हाच अपवाद होता. एरवी तो दगडावर कशाला कोरला असता? पुढे फारसीतला ‘बिगार’ येऊन मिळाला आणि वेठबिगार झाली. चालत्या माणसाला धरून त्याच्या डोक्यावर सरकारी ओझे चढवावयाचे, हे वेठीस धरणे. धरणारा अंमलदार, धरली जाणारी रयत.

स्लाव भाषांतील ‘रोबोता’ याच जातीचा शब्द; त्याचे नाते गुलामवाचक ‘रब’शी. रशियनमध्ये ‘राबोता’ म्हणजे साधे काम झाले, चेक भाषेत मात्र जमीनदाराच्या शेतावरील वेठ हा अर्थ टिकला. कारेल चापेकच्या १९२० च्या नाटकातील कृत्रिम मजुरांना ‘रोबोट’ हे नाव मिळाले ते त्यावरूनच. हे रोबोट अखेर उठाव करतात. त्यांनी मालकांना ‘रोबोतेस धरले’ असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही!

आपल्या खानदेशात याहून साळसूद शब्द आहे : सालदार. जमीनदारापाशी जमीन असते, सालदारापाशी नुसते साल. आखाजी ते आखाजी बोली होते, आधी उचल मिळते. ती फिटली नाही तर पुढचे सालही त्याच दारी. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने सक्तीच्या श्रमपद्धतींची सुमारे तीस स्थानिक नावे दिली. त्यांत ‘वेट्टी’ आहे, ‘नित-मजूर’ आहे, ‘सालदार’ नाही. प्रत्येक सालदार वेठबिगार असतो असे नव्हे. परंतु किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करावे लागणारे काम हे सक्तीचेच श्रम होत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड कामगारांच्या प्रकरणी दिला आहे. तो सालदारालाही लागू पडतो.

धुळे, शिरपूर, साक्री भागांतील कार्यकर्त्यांनी येत्या आखाजीपूर्वी गावोगावच्या उचलीचे हिशेब लिहून घ्यावेत आणि दक्षता समितीपुढे ठेवावेत. कर्ज वेठबिगारीचे आहे असे मजुराने म्हटले की ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार, कलम १५ नुसार, धनकोवर पडतो.